संचालन प्रणालीची स्थापना आणि रॅममधील दोषांचे निदान

संगणकावर विंडोज, लिनक्स यांसारखी संचालन प्रणाली बसवताना येणाऱ्या अडथळ्यांचे मूळ त्या संगणकाच्या मुख्य स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये आहे की अन्यत्र, हे ठरवण्याच्या पद्धतींना रॅममधील दोषांचे निदान असे म्हणतात. संगणक दुरुस्ती, प्रणाली व्यवस्थापन आणि संगणक अभियांत्रिकी या तिन्ही क्षेत्रांत हा विषय येतो.

रॅममधील दोष क्वचितच स्वतःच्या नावाने पुढे येतो. पडद्यावर दिसणारा संदेश बहुधा 'फाइल सापडत नाही', 'फाइल खराब आहे' किंवा 'डिस्क वाचता येत नाही' असा असतो. त्यामुळे वापरकर्ता पेन ड्राइव्ह बदलतो, प्रणालीची प्रत पुन्हा उतरवून घेतो, प्रसंगी नवी हार्ड डिस्कही विकत घेतो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. याहून गंभीर शक्यता अशी की स्थापना कशीबशी पूर्ण होते आणि पुढे काही महिने तो संगणक चुकीची माहिती डिस्कवर लिहीत राहतो.

स्थापनेच्या वेळी दोष का उघड होतो

नेहमीच्या वापरात रॅमचा मोठा भाग रिकामा असतो किंवा ज्यात एखाद्या बिटाची चूक लक्षात येत नाही अशा माहितीने भरलेला असतो. छायाचित्रातील एका ठिपक्याचा रंग किंचित बदलला किंवा ध्वनिफितीत क्षणभर खरखर आली, तर कोणी त्याची दखल घेत नाही. स्थापनेचे काम मात्र वेगळ्या स्वरूपाचे आहे. प्रणालीच्या फाइली माध्यमावर संपीडित रूपात असतात. त्या रॅममध्ये आणल्या जातात, तेथे उलगडल्या जातात आणि मग डिस्कवर लिहिल्या जातात. संपीडित माहितीत प्रत्येक बिटाचा अर्थ आधीच्या बिटांवर अवलंबून असतो, म्हणून एक बिट उलटला तरी त्यापुढचा संपूर्ण खंड उलगडता येत नाही. शिवाय बहुतेक स्थापना कार्यक्रम प्रत्येक खंडाची पडताळणी बेरीज तपासतात. इतर वेळी निमूटपणे खपून जाणारी चूक येथे थेट त्रुटी म्हणून समोर येते.

दुसरे कारण रॅमच्या वापराच्या प्रमाणात आहे. वाचलेल्या फाइलींच्या प्रती संचालन प्रणाली मोकळ्या रॅममध्ये साठवून ठेवते. पेन ड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्समध्ये तर तात्पुरत्या फाइलीही रॅममध्येच राहतात. त्यामुळे एरवी ज्या पत्त्यांना महिनोन्‌महिने हात लागत नाही, तेही भरले जातात. नव्याने जोडणी केलेल्या संगणकाच्या बाबतीत स्थापना ही त्याच्या रॅमची पहिलीच कसून तपासणी ठरते.

रॅमची रचना आणि दोषांचे प्रकार

आजची रॅम गतिक प्रकारची आहे. तिच्या प्रत्येक पेशीत एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म धारित्र असते. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली आणि तिचे एकस्व त्यांना १९६८ मध्ये मिळाले. इंटेलची ११०३ ही चिप १९७० मध्ये बाजारात आली आणि चुंबकीय कड्यांच्या स्मृतीची जागा या प्रकाराने घेतली. धारित्रातील प्रभार सतत गळत असल्याने तो ठरावीक काळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ प्रकारात हा काळ सामान्य तापमानाला ६४ मिलिसेकंद आहे. ८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात आणि त्यांतील प्रत्येक बिट योग्य राहावा अशी संगणकाची अपेक्षा असते.

दोषांचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. पहिला वर्ग क्षणिक दोषांचा. पेशी स्वतः निर्दोष असते, परंतु बाह्य कारणाने तिच्यातील मूल्य एकदा बदलते. पुन्हा लिहिले की ती पूर्ववत काम करते. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम व थोरियममधून निघणारे अल्फा कण असे दोष घडवतात. वैश्विक किरणांपासून निर्माण होणारे न्यूट्रॉन हे दुसरे कारण पुढच्याच वर्षी मांडले गेले.

दुसरा वर्ग स्थायी दोषांचा असून स्थापनेत अडथळा आणणारे दोष प्रामुख्याने याच वर्गातले असतात. एखादी पेशी कायम ० किंवा कायम १ दाखवते. एखादी पेशी ० वरून १ वर जाते, पण परत येत नाही. कधी एका पेशीत लिहिले असता शेजारच्या पेशीतील मूल्य बदलते, याला संलग्नता दोष म्हणतात. पत्ता उलगडणारे मंडल बिघडले तर दोन वेगळे पत्ते एकाच पेशीकडे नेतात. प्रभार अपेक्षेपेक्षा लवकर गळणाऱ्या पेशींचा दोष सर्वांत फसवा, कारण लगेच वाचल्यास मूल्य बरोबर येते आणि थोडा वेळ थांबल्यासच चूक दिसते. या प्रत्येक प्रकारासाठी चाचणीचा वेगळा नमुना लागतो. 'सर्वत्र १ लिहून वाचून पाहिले' एवढ्यावर रॅम निर्दोष ठरत नाही.

एका बिटाचा परिणाम

एक बिट उलटण्याचा परिणाम किती असतो, हे तो बिट कोणता यावर अवलंबून असते. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराचा संकेतांक २३२५ आणि 'ग' या अक्षराचा २३२७ आहे. द्विमान पद्धतीत या दोन संख्यांत एकाच बिटाचा फरक आहे, आणि फाइलींत वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ रूपातही तो एकच राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातील 'हातकणंगले' हे तालुक्याचे नाव रॅमच्या अशा एका पेशीतून गेले, तर डिस्कवर 'हातगणंगले' असे लिहिले जाऊ शकते. ही चूक कोणताही संदेश देत नाही, आणि लिहिणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकीपासून ती वेगळी ओळखताही येत नाही. हिशेबात तर अर्थच बदलतो. ५,००० या संख्येतील ४,०९६ किमतीचा बिट उलटला की ९०४ उरतात.

याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण बेल्जियममधील आहे. १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत शारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर शक्य त्यापेक्षा अधिक मते नोंदली गेली. फेरमोजणीत जास्तीची मते नेमकी ४,०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात निघाली. कार्यक्रमात चूक सापडली नाही, आणि एक बिट आपोआप उलटला असावा हेच स्पष्टीकरण शिल्लक राहिले. ही गफलत लक्षात आली ती केवळ आकडा अशक्य होता म्हणून.

लक्षणे

विंडोजच्या स्थापनेत आवश्यक फाइल खराब अथवा गहाळ असल्याचे सांगणारा ८००७०५७० हा त्रुटीक्रमांक वारंवार आढळतो. निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' किंवा 'पीएफएन लिस्ट करप्ट' अशी नावे येतात. ही नावे सदोष ड्रायव्हरमुळेही येत असल्याने केवळ त्यांवरून रॅमला दोष देता येत नाही. मात्र दर खेपेला वेगळे नाव येणे हे सूचक असते.

लिनक्समध्ये संपीडित फाइलप्रणालीचा खंड वाचता न येणे, पॅकेज उलगडताना माहिती खराब असल्याचा संदेश येणे, एखादा कार्यक्रम 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन बंद पडणे किंवा कर्नल थांबणे ही लक्षणे दिसतात. १९९० च्या दशकात लिनक्सचा कर्नल स्वतः संकलित करण्याचा प्रघात होता. त्या वेळी जीसीसी हा संकलक मध्येच 'सिग्नल ११' देऊन थांबत असे आणि पुन्हा चालवल्यास भलत्याच ठिकाणी थांबत असे. संकलकावर संशय घेणाऱ्यांना अनुभवी मंडळी आधी रॅम तपासण्यास सांगत.

संगणक सुरूच होत नसेल, पडदा काळा राहून मदरबोर्डमधून ठरावीक शिट्ट्या येत असतील, तर पट्टी नीट बसलेली नसणे हे सर्वांत सामान्य कारण आहे. शिट्ट्यांची संख्या व लांबी यांचा अर्थ बायोसच्या निर्मात्यानुसार बदलतो, म्हणून तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावा लागतो.

माध्यम, डिस्क की रॅम

निदानातील निर्णायक प्रश्न त्रुटी आली की नाही हा नसून ती कोठे आली हा आहे. स्थापना प्रत्येक वेळी एकाच फाइलवर, एकाच टक्क्यावर थांबत असेल, तर पेन ड्राइव्ह, डीव्हीडी किंवा उतरवलेली प्रत सदोष असण्याची शक्यता अधिक. एकदा २३ टक्क्यांवर, नंतर ६१ टक्क्यांवर आणि तिसऱ्यांदा अगदी शेवटी थांबत असेल, तर संशयाची दिशा रॅमकडे वळते. माध्यमावरील खराब जागा हलत नाही. रॅममधील खराब पेशीही हलत नाही, पण प्रत्येक खेपेस त्या पेशीत वेगळी फाइल येऊन पडते.

ही कसोटी पडताळणी अंकाने अधिक पक्की करता येते. डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी वितरणे आपल्या प्रतींसोबत एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ६४ वर्णांचा अंक प्रसिद्ध करतात. उतरवलेल्या प्रतीचा अंक याच्याशी जुळला पाहिजे. तो दर वेळी एकाच चुकीच्या रूपात येत असेल, तर प्रत खराब आहे. त्याच फाइलचा अंक लागोपाठ काढला असता दर वेळी वेगळा येत असेल, तर फाइल निर्दोष असूनही संगणक ती चुकीची वाचत आहे, आणि तेव्हा रॅम हा पहिला संशयित ठरतो.

या पद्धतीत एक खाच आहे आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. पहिल्यांदा वाचलेली फाइल संचालन प्रणाली रॅममध्ये साठवून ठेवते आणि दुसऱ्या वेळी डिस्ककडे न जाता तीच प्रत वापरते. ती प्रत बिघडलेली असेल तर चुकीचा अंकही स्थिर येतो, आणि दोष फाइलचा असल्याचा भास होतो. यासाठी दोन मोजण्यांच्या मध्ये संगणक पुन्हा सुरू करावा किंवा तीच फाइल दुसऱ्या संगणकावर तपासावी. दुसरा संगणक वापरण्याचा आणखी एक लाभ आहे. ज्या संगणकावर प्रत उतरवली व पेन ड्राइव्ह तयार केला, त्याचीच रॅम सदोष असण्याची शक्यताही त्याने तपासली जाते.

निकृष्ट विद्युतपुरवठा संच, सैल केबल आणि निर्धारित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवलेली रॅम यांची लक्षणेही अशीच फिरती असतात. म्हणून चाचणीपूर्वी बायोसमधील वेगवाढीची सर्व मांडणी, विशेषतः एक्सएमपी, बंद करून रॅम मूळ वेगावर आणणे इष्ट असते. असे केल्यावर दोष नाहीसा झाला, तर पट्टी टाकून देण्याची गरज नसते.

चाचणी कार्यक्रम

चालू संचालन प्रणालीतून रॅमची पूर्ण तपासणी होऊ शकत नाही, कारण प्रणाली स्वतः व्यापत असलेला भाग तपासता येत नाही. त्यामुळे प्रभावी चाचणी कार्यक्रम कोणत्याही प्रणालीशिवाय थेट पेन ड्राइव्हवरून सुरू होतात. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९० च्या दशकात लिहिलेला मेमटेस्ट८६ हा त्यांतील मूळ कार्यक्रम. त्यापासून निघालेला मेमटेस्ट८६ प्लस हा मुक्त स्रोत कार्यक्रम अनेक लिनक्स वितरणांच्या माध्यमावर उपलब्ध असतो. २०१३ पासून मूळ मेमटेस्ट८६ पासमार्क या कंपनीकडे आहे. मेमटेस्ट८६ प्लसची सहावी आवृत्ती २०२२ मध्ये नव्याने लिहिली गेली आणि तेव्हापासून तो यूईएफआय पद्धतीच्या संगणकांवरही चालतो. जुनी आवृत्ती अशा संगणकावर सुरू होत नसेल, तर तो रॅमचा दोष समजू नये. विंडोजमध्ये व्हिस्टापासून मेमरी डायग्नॉस्टिक हे साधन अंतर्भूत आहे. त्याची विस्तारित चाचणी एफ१ कळीने निवडावी लागते, आणि नुसती प्रमाण चाचणी पुष्कळदा अपुरी पडते.

या कार्यक्रमांचा गाभा 'मार्च' नावाच्या चाचणीकुळात आहे. मार्च सी वजा या प्रकारात सर्व पेशींत आधी ० लिहितात. मग चढत्या पत्त्यांनी प्रत्येक पेशी वाचून तीत १ आणि पुढच्या फेरीत पुन्हा ० लिहितात. त्यानंतर हेच उतरत्या पत्त्यांनी करतात आणि शेवटी सर्व पेशी वाचतात. प्रत्येक पेशीवर एकूण दहा क्रिया होतात. दोन्ही दिशांनी जाण्याचे कारण असे की संलग्नता दोषात बिघडवणारी पेशी बिघडणाऱ्या पेशीच्या आधी आहे की नंतर, हे ठाऊक नसते. प्रभारगळती शोधण्यासाठी नमुना लिहून काही मिनिटे थांबून वाचण्याची स्वतंत्र चाचणी असते.

निर्दोष रॅममध्ये चुकांची संख्या शून्यच असावी लागते. 'एकच चूक आली, चालेल' ही समजूत घातक आहे. उलटपक्षी एक फेरी बिनचूक झाली म्हणजे रॅम निर्दोष असे सिद्ध होत नाही. अधूनमधून प्रकटणारे दोष पकडण्यासाठी चाचणी रात्रभर चालू ठेवण्याची प्रथा आहे.

सदोष पट्टी शोधणे

चूक आढळल्यावर सर्व पट्ट्या काढून एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये तपासली जाते. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष, आणि कोणतीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक आली तर मदरबोर्ड संशयित. स्मृतिनियंत्रक आता प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीने तो २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ पासून, तर इंटेलने २००८ पासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये घेतला. त्यामुळे प्रोसेसरच्या खोबणीतील वाकलेली पिन किंवा शीतकाचा असमान दाब यांमुळेही एखाद्या स्लॉटमधील रॅम दिसेनाशी होते. प्रत्येक पट्टी एकटी निर्दोष असून एकत्र लावल्यावरच चुका येत असतील, तर वेगवेगळ्या वेगाच्या वा निर्मात्यांच्या पट्ट्यांचा मेळ बसत नाही असे समजावे.

पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवणे हा उपाय साधा वाटला तरी पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. दुकानांत संपर्कपट्ट्या खोडरबराने घासण्याची रीत रूढ आहे. तिने मळ निघतो, पण सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल व न विरघळणारे कापड यांनी पुसणे अधिक सुरक्षित असते. वीजजोडणी काढल्यावर आणि अंगावरील स्थिर विद्युत धातूच्या चौकटीला स्पर्श करून उतरवल्यावरच पट्टीला हात लावावा.

हातकणंगले परिसरातील परिस्थिती

स्थायी दोष चिपच्या आतले असले, तरी संपर्कातील दोष परिसरावर अवलंबून असतात. हातकणंगले तालुका या दृष्टीने लक्षणीय आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतशाळा, कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि हुपरीचे चांदीकाम हे सर्व या पट्ट्यात येते. मागांच्या शेडलगतच्या कार्यालयातील संगणकात कापसाचे तंतू साचतात. ते वीज वाहून नेत नाहीत, परंतु पंखे व वायुवीजन अडवतात आणि पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतात. ओतशाळेतील धुळीत वाळूबरोबर लोखंडाचे कण असतात. असा कण स्लॉटच्या दोन पिनांमध्ये अडकल्यास एखादी माहितीवाहिनी कायमची चुकीचे मूल्य देते, आणि मेमटेस्टमध्ये अनेक पत्त्यांवर तोच एक बिट चुकलेला दिसतो. चुकांचा असा आकृतिबंध दिसल्यास पट्टी बदलण्यापूर्वी स्लॉट स्वच्छ करणे योग्य ठरते.

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. पुराचे पाणी शिरलेल्या संगणकाबाबत एक खबरदारी महत्त्वाची असते. तो वरून कोरडा दिसला, तरी स्लॉटच्या तळाशी गाळ व ओल राहते. अशा अवस्थेत वीज दिल्यास पिनांवर झपाट्याने गंज चढतो. पट्ट्या, प्रोसेसर आणि विद्युतपुरवठा संच वेगळे करून, स्वच्छ करून, पूर्ण वाळवल्यावरच चाचणी घ्यावी. डिस्क मात्र या संगणकात पुन्हा न जोडता अन्य निर्दोष संगणकावर वाचून घ्यावी. पूरग्रस्त संगणकातील हिशेब वाचवण्याच्या घाईत सदोष रॅममधून डिस्क दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाल्यास पाण्यातून वाचलेली माहितीही हातची जाते.

जमिनीशी नीट जोडणी नसलेली वीजव्यवस्था हा आणखी एक घटक आहे. रात्रभराच्या चाचणीत वीज गेल्यास सर्व मोजणी वाया जात असल्याने चाचणीच्या वेळी यूपीएस जोडलेला असणे सोयीचे असते.

दोषांची व्याप्ती

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो व वुल्फ-डिट्रिच वेबर यांच्या अभ्यासात गूगलच्या सर्व्हरांवरील अडीच वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत किमान एक चूक आढळली. चुकांचे मूळ बहुतांशी क्षणिक नसून स्थायी दोषांत होते, आणि तापमानाचा परिणाम समजला जातो त्याहून पुष्कळ कमी निघाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदींवरून असे दाखवले की एकदा रॅमची चूक आलेल्या संगणकात ती पुन्हा येण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते, आणि ती बहुधा त्याच पत्त्यावर येते. 'आपोआप आले, आपोआप गेले' असे मानून स्थापना पुन्हा करणे म्हणूनच फारसे शहाणपणाचे नाही.

अनुभवी व्यक्तीही यातून सुटत नाहीत. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या संगणकाची रॅमपट्टी ऑक्टोबर २०२२ मध्ये निकामी झाली. संकलन करताना अकारण बिघाड दिसू लागल्यावर दोष उघड झाला आणि नवी पट्टी येईपर्यंत त्यांना कर्नलचे काम लॅपटॉपवर करावे लागले. चूक सुधारणारी रॅम घरगुती संगणकांना सहज मिळत नसल्याबद्दल त्यांनी २०२१ मध्येच जाहीर टीका केली होती.

चूक सुधारणारी स्मृती

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीवर आधारित ईसीसी रॅममध्ये ६४ माहितीबिटांसोबत ८ तपासणीबिट साठवतात. एक बिट चुकल्यास तो दुरुस्त होतो आणि दोन चुकल्यास निदान सूचना मिळते. सर्व्हरांत ही रॅम सर्वत्र वापरली जाते, घरगुती संगणकांत क्वचित. डीडीआर५ मधील चिपअंतर्गत दुरुस्ती याच्याशी समकक्ष मानली जाते, पण ते बरोबर नाही. ती चिपच्या आतील पेशींपुरती असून पट्टी व प्रोसेसर यांमधील मार्गावर झालेली चूक तिला दिसत नाही.

दोष सापडल्यानंतर

सदोष पट्टी बदलणे हाच खात्रीचा उपाय आहे. अनेक निर्माते रॅमवर दीर्घ मुदतीची हमी देतात आणि मेमटेस्टच्या पडद्याचे छायाचित्र पुरावा म्हणून उपयोगी पडते. पट्टी मदरबोर्डवरच डाखलेली असेल, जसे अनेक लॅपटॉपांत असते, तर खराब पत्ते वगळून काम चालवता येते. लिनक्समध्ये कर्नलला सुरू होतानाच असे पत्ते सांगता येतात, ग्रबमध्ये त्यासाठी बॅडरॅम नावाची सोय आहे, आणि विंडोजमध्येही खराब पानांची यादी देता येते. मात्र ही सोय ठरावीक, न वाढणाऱ्या दोषांपुरतीच उपयोगी आहे.

नवी पट्टी बसवल्यावर आधीची अर्धवट वा पूर्ण झालेली स्थापना तशीच वापरणे टाळावे. सदोष रॅममधून गेलेल्या फाइलींपैकी कोणत्या बिघडल्या हे नंतर कळत नाही, म्हणून डिस्क नव्याने आखून प्रणाली पुन्हा बसवली जाते. त्या काळात घेतलेल्या राखीव प्रतीही संशयास्पद असतात, आणि दोष सुरू होण्यापूर्वीची जुनी प्रत उपलब्ध असल्यास तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्या मिटवू नयेत किंवा त्यांनी जुनी प्रत झाकूही नये.